टीव्हीवरचा पाचकळ विनोद: हरकत नेमकी कशावर घ्यायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठी वाहिन्यांवर रात्री नऊच्या सुमारास, घरातली लहानथोर माणसं ताटावर बसलेली असताना विनोदी कार्यक्रम लागतात. त्यांत द्वयर्थी संवाद असतात, साडी नेसलेले पुरुष असतात, जाड्या नि काळ्या माणसांची टिंगल असते. काही प्रेक्षक म्हणतात, हे बंद करा. काही म्हणतात, रिमोट हातात आहे, नको असेल तर बदला. आणखी काहींचं म्हणणं, उपहास म्हटला की थोडा वात्रटपणा आलाच, तेवढाही सोसत नसेल तर राजकारण्यांवर बोलायचं तरी कोणी? अशा भडक उपहासाला मुख्य प्रवाहातल्या टीव्हीवर जागा असावी का?

असावी, आणि प्राइम टाइमलाही असावी. पण आज ज्यावर भांडण चाललंय त्यातल्या बऱ्याच मालाला उपहास म्हणता येणार नाही. उपहास गाळून मागे राहिलेला तो भडकपणा आहे. तो कसा गाळला जातो हे प्रेक्षकांना फारसं ठाऊक नसतं, म्हणून तक्रार चुकीच्या जागी होते आणि प्रत्येक तक्रारीनंतर कार्यक्रम आणखी पाचकळ होत जातो.

आधी कायदा पाहू. मराठी रंगमंचावरच्या नाटकाची किंवा वगाची संहिता प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. सिनेमाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. टीव्हीसाठी लिहिलेल्या स्किटला यातलं काहीच लागत नाही. तिथे लागू होते ती कार्यक्रम संहिता, म्हणजे केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स नियम, १९९४ मधला नियम ६. (मूळ कायदा १९९५ चा, पण त्याआधी वटहुकूम निघाला होता म्हणून नियमांचं साल कायद्याच्या आधीचं आहे.) सुरुची आणि सभ्यता यांना धक्का नको, अश्लील नको, बदनामीकारक नको, सूचक अर्धसत्यं नकोत, व्यक्तीची किंवा गटाची निंदा नको, स्त्रियांची आणि मुलांची अवहेलना नको, राष्ट्रपती आणि न्यायव्यवस्थेच्या सचोटीवर शिंतोडे नकोत, अशी ती यादी आहे. त्यात एक कलम फार बोलकं आहे. वांशिक, भाषिक किंवा प्रादेशिक गटांचं चित्रण करताना निंदेचा, उपरोधाचा किंवा तुच्छतेचा भाव नको, असं ते सांगतं. म्हणजे उपरोध हाच आक्षेपार्ह! अक्षरशः वाचलं तर वऱ्हाडी पाटील, मालवणी म्हातारा, पुणेरी काकू ही सगळी पात्रं काठावर उभी आहेत. प्रेमाने केलं तर कोणी हरकत घेत नाही, पण वाहिनीच्या वकिलाला तांबडी पेन्सिल चालवायला आधार मिळतो.

ही पेन्सिल नेमकी काय खोडते हे एका नमुना-स्किटवरून पाहा. विषय रस्त्याचा. गावात नवा डांबरी रस्ता झाला, पहिल्याच पावसात मधोमध खड्डा पडला, आणि उद्या आमदार उद्घाटनाला येणार आहेत. लेखकाने दहा-बारा पानांचा खर्डा लिहिलाय; साधारण पानाला एक मिनिट धरा. खड्डा बुजवायला पैसे नाहीत म्हणून कंत्राटदार त्याला शेततळं म्हणतो आणि त्यावर अनुदान काढतो. आमदारांची गाडी त्यातच रुतते. त्यांचा पीए प्रसंगावधान राखून फीत खड्ड्याभोवती बांधतो आणि शेततळ्याचंच लोकार्पण उरकतो. गावकरी टाळ्या वाजवतात, कारण टाळ्या न वाजवणाऱ्यांची नावं तलाठी लिहून घेतोय. यात शिव्या असोत, चिखलात लोळणं असो, धोतर सुटणं असो, सगळं खपून जाईल. कारण हसू कोणावर येतंय ते स्वच्छ दिसतं.

आता हा खर्डा वाहिनीच्या स्टँडर्ड्स अँड प्रॅक्टिसेस विभागाकडे, म्हणजे प्रक्षेपणाआधी मजकूर तपासणाऱ्या घरच्याच विभागाकडे जातो. बोलताना त्याला सगळे 'एस अँड पी'च म्हणतात. आमदार काढा, 'साहेब' करा. उपरण्याचा रंग पांढरा ठेवा, कुठल्याच पक्षाचा वाटता कामा नये. तालुक्याचं नाव नको. कंत्राटदाराचं आडनाव नको. त्या आडनावाचा खराखुरा कंत्राटदार असू शकतो आणि आडनावावरून जात निघते. शेततळ्याचं अनुदान नको, सरकारी योजनेची टिंगल दिसेल. पीएच्या तोंडचा 'टक्का' नको. तलाठी नको, कर्मचारी संघटना पत्र लिहील. संध्याकाळपर्यंत बारा पानांची सात होतात. शूटिंग उद्या सकाळी आहे, पण स्लॉट दहा मिनिटांचाच आहे.

उरलेली तीन पानं कशाने भरायची? साहेबांची जाडी बायको खड्ड्यात अडकते. चौघं मिळून तिला ओढतात. त्यातला एक काहीतरी द्वयर्थी बोलतो. जाड्या बाईची भूमिका एक पुरुष करतो. या तीन पानांवर एस अँड पीकडून एकही खूण येत नाही, कारण त्यावर कोर्टात जाणारं कोणी नाही. जाड्या बाईचा पक्ष नसतो, संघटना नसते, वकील नसतो.

भीती उगाच नाही, हेही सांगायला हवं. जानेवारी २०१६ मध्ये डेरा सच्चा सौदा या पंथाच्या प्रमुखाची टीव्हीवर नक्कल केली म्हणून अभिनेता किकू शारदा यांना हरियाणा पोलिसांनी धार्मिक भावना दुखावल्याच्या कलमाखाली अटक केली होती. आपल्याकडचं उदाहरण छापील मजकुराचं आहे. वसंत दत्तात्रय गुर्जर यांच्या 'गांधी मला भेटला' या कवितेच्या खटल्यात मे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की आदरणीय ऐतिहासिक व्यक्तीच्या तोंडी किंवा तिच्या संदर्भात अश्लील भाषा आली, तर अश्लीलतेची कसोटी अधिक कडक लागते. ही कविता बँक कर्मचाऱ्यांच्या एका नियतकालिकात १९९४ मध्ये छापली गेली होती. म्हणजे प्रकरण वीस वर्षं चाललं. स्किट लिहिणाऱ्याला यातून एक व्यवहारी धडा घेता येतो: महापुरुषाचं सोंग घेतलेल्या पात्राच्या तोंडी शिवी घालायची नाही. शिवी समोरच्या भ्रष्ट पात्राला द्या, महापुरुषाला फक्त ती ऐकू द्या. स्किटही जास्त चांगलं होतं.

वाहिनीची भीती खरी असली तरी तीन पानांचं भोक हा नियोजनाचा दोष आहे आणि तो दुरुस्त होतो. संपूर्ण संहिता वकिलाकडे पाठवण्याऐवजी एका पानाचा आराखडा शूटच्या निदान पाच-सहा दिवस आधी पाठवायचा. हरकती तेव्हाच आल्या तर लेखकाला दुसरं वळण शोधायला वेळ मिळतो. दुसरी गोष्ट, नाव जाऊ द्या पण व्यवहार राहू द्या. वरच्या स्किटमध्ये उपहास आमदाराच्या नावात नाही. खड्डा, त्याचं शेततळं, त्यावर अनुदान आणि शेवटी लोकार्पण या साखळीत आहे. पक्ष, तालुका, आडनाव सगळं सोडलं तरी साखळी शाबूत असेल तर प्रेक्षक बरोबर ओळखतो. योजनेचं नाव नको असेल तर काल्पनिक योजना घ्या, पण पैसे कुठून निघाले नि कुठे गेले हे दाखवाच. लेखक बरेचदा चिडून उलटं करतात, साखळी सोडतात आणि नावाच्या जवळ जाणारा एखादा यमकी शब्द ठेवून समाधान मानतात. त्याने धोका तेवढाच राहतो आणि विनोद मरतो.

स्किटच्या संहितेत किती घाण साचलीय हे मोजायची एक सोपी रीत आहे. प्रत्येक हशाच्या जागी समासात अक्षर लिहायचं: श म्हणजे शरीर, व म्हणजे वागणं, स म्हणजे सत्ता. मग प्रत्येक 'श'पुढे विचारायचं, हेच वाक्य सडपातळ, गोऱ्या, धडधाकट नटाला दिलं तर कोणी हसेल का? हसणार नसेल तर तिथे विनोद लिहिलेलाच नाही, फक्त नट निवडलाय. एक तृतीयांशाहून जास्त जागा 'श' निघाल्या तर संहिता परत करावी. रिहर्सलमध्ये हे कोणी करत नाही, कारण तिथे युनिट हसत असतं, आणि युनिट ओळखीच्या नटावर हसतं.

आता द्वयर्थी विनोदाबद्दल. लोक तक्रार संवादाची करतात, पण निम्मा चावटपणा एडिट टेबलावर चढतो. 'भांडं घासून ठेव' यासारखं साधं वाक्य घ्या. नटाने मध्ये अर्धा सेकंद थांबून भुवई उडवली, त्यावर ढोलकीची थाप किंवा स्प्रिंगचा 'टॉइंग' आवाज टाकला, आणि लगेच परीक्षक किंवा पाहुणी तोंडावर हात ठेवून हसतानाचा शॉट जोडला, की वाक्य बाद झालंच. तो हसण्याचा शॉट अनेकदा त्या वाक्याचा नसतोच, दुसऱ्या स्किटमधून आणून लावलेला असतो. ज्यांना एपिसोड सभ्य करायचाय त्यांनी वाक्य कापण्याआधी रिॲक्शन शॉट आणि आवाज काढून बघावेत. पुष्कळदा कात्री लावायची गरजच उरत नाही.

बीपचंही तसंच आहे. बीप म्हणजे साधारण एक किलोहर्ट्झचा सूर. आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम असतात. शब्दाच्या एक-दोन फ्रेम आधी बीप सुरू झाला पाहिजे आणि शब्द संपल्यावरच थांबला पाहिजे. पहिलं अक्षर ऐकू आलं की मराठी कान उरलेली शिवी स्वतःच पुरी करतो. काही एडिटर हे मुद्दाम करतात. ओठही धूसर करावे लागतात, नाहीतर आवाज बंद करून काही साधत नाही. याहून वाईट प्रकार म्हणजे शिवी नसलेल्या शब्दावर बीप घालणं. 'तुझी बीप किती मोठी आहे' यात मूळ शब्द 'गाडी' असतो. यावर प्रेक्षकांनी हरकत घेतलीच पाहिजे, कारण तिथे वाहिनीने अश्लीलता स्वतः तयार केलेली असते.

साडी नेसलेल्या पुरुषावरचा वाद वेगळा काढून बघावा लागतो, कारण दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. तमाशाच्या गवळणीतली मावशी पुरुषच करायचा, सोंगं आपल्याला नवी नाहीत, हे खरं. पण मावशी आगाऊ होती. ती पेंद्याला झापायची, कृष्णाला उलट प्रश्न करायची, बाजाराला जायचा कर का द्यायचा असं विचारायची. तिच्या तोंडी सवाल होता. आजच्या स्किटमधल्या साडीवाल्याच्या तोंडी बहुतेक वेळा सवाल नसतो. दाढीचे खुंट, पदराखालचा कापूस आणि जाडा आवाज एवढ्यावर सगळं भागवलं जातं, आणि शेजारी चांगल्या अभिनेत्री चार वाक्यं घेऊन उभ्या असतात. ब्रिटनमध्ये आयटीव्हीवर १९८४ ते १९९६ 'स्पिटिंग इमेज' हा बाहुल्यांचा कार्यक्रम चालायचा. भडकपणात त्याने काही शिल्लक ठेवलं नव्हतं. त्यात पंतप्रधान थॅचरबाई पुरुषी सूट-टाय घालून आपल्या मंत्र्यांना धारेवर धरायच्या. वेषांतर तिथेही होतं, पण ते देशातल्या सर्वात ताकदवान व्यक्तीचं होतं आणि त्यातून तिच्या मंत्रिमंडळाबद्दल काहीतरी कळत होतं. साडी नेसवण्याआधी लेखकाने स्वतःला एवढं विचारावं: या साडीमुळे कोणाबद्दल काय कळलं?

शारीरिक व्यंगावरचा विनोद हा आता फक्त चवीचा प्रश्न राहिलेला नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम ९२ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीचा लोकांसमोर हेतुपुरस्सर अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे. जुलै २०२४ मध्ये 'आँख मिचोली' या हिंदी चित्रपटावरच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने फार उपयोगी फरक करून दिला: दिव्यांगत्व समजून घ्यायला मदत करणारा विनोद वेगळा आणि दिव्यांग माणसाला कमी लेखणारा विनोद वेगळा. तोतरा वकील, चकणा हवालदार, बहिरे आजोबा ही आपल्या प्रहसनांतली ठरीव पात्रं या कसोटीवर एकेक करून घासून पाहावीत. बहिरे आजोबा सोयीचं तेवढंच ऐकत असतील आणि त्यामुळे घरातल्यांचं ढोंग उघडं पडत असेल तर ते टिकतात. त्यांच्या कानाशी नुसतं ओरडायचं असेल तर टिकत नाहीत.

'आपली परंपराच रांगडी आहे, तमाशात याहून जास्त चालायचं' हा युक्तिवाद नेहमी येतो. बतावणी खरंच रांगडी असते. पण तिथे प्रेक्षक तिकीट काढून कनातीत येतो, काय बघायला आलोय हे त्याला माहीत असतं. शिवाय वगातला राजा मूर्ख असतो, प्रधान खाबू असतो, कोतवाल घाबरट असतो. सोंगाड्याची चावट जीभ या तिघांवर फिरते. टीव्हीने परंपरेतली जीभ घेतली आणि राजा, प्रधान, कोतवाल मागे ठेवले. परंपरेचा दाखला द्यायचा तर तो पुरा द्यावा.

वेळेचा मुद्दा मात्र आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूचा आहे. मुलं सर्वाधिक संख्येने टीव्ही बघत असतात त्या वेळी मुलांना अयोग्य कार्यक्रम दाखवू नयेत, असं नियम ६ स्पष्ट सांगतो. वाहिन्यांच्या स्वनियमनात 'जी' म्हणजे सर्वांसाठी आणि 'आर' म्हणजे मर्यादित असे दोन वर्ग आहेत, आणि 'आर'ची वेळ रात्री ११ ते पहाटे ५. ब्रिटनमध्ये ही रेषा रात्री ९ ला सुरू होते. नोव्हेंबर २०१० मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने 'बिग बॉस' आणि 'राखी का इन्साफ' या हिंदी रिॲलिटी कार्यक्रमांना ११ नंतर जायला सांगितलं होतं, आणि पहिल्याला मुंबई उच्च न्यायालयाकडून स्थगिती मिळाली. अकरानंतर प्राइम टाइमचा जाहिरातदार नसतो, म्हणून कोणी तिथे खर्चिक कार्यक्रम लावत नाही. सगळा माल 'जी'च्या वेळेत बसवायची धडपड चालते.

शिवाय पहिलं प्रक्षेपण सांभाळलं तरी तीन फटी उरतात. दुपारचं पुनःप्रक्षेपण आणि रविवारची सलग मालिका: तिथे तोच रात्रीचा एडिट जसाच्या तसा जातो, खरं तर दिवसासाठी वेगळी प्रत करायला हवी. दुसरी फट प्रोमोची: प्रोमो विभाग पूर्ण स्किटमधलं सर्वात भडक वाक्य उचलतो आणि ते कौटुंबिक मालिकांच्या ब्रेकमध्ये दिवसभर वाजतं. अनेकांनी कार्यक्रम पाहिलेलाच नसतो, त्यांचा सगळा राग प्रोमोवरचा असतो आणि तो रास्त असतो. तिसरी, बालकलाकारांच्या तोंडी मोठ्यांचे संवाद. जून २०१९ मध्ये मंत्रालयाने नृत्याच्या रिॲलिटी कार्यक्रमांत मुलांकडून वयाला न शोभणाऱ्या हालचाली करून घेण्याबद्दल वाहिन्यांना सूचना काढली होती. विनोदी कार्यक्रमांतही तोच प्रकार होतो: आठ वर्षांच्या मुलाला 'वहिनी'कडे बघून उसासा टाकायला लावायचं आणि परीक्षकांनी लोटपोट व्हायचं. यात वादाला जागाच नाही, हे थांबलं पाहिजे.

इंटरनेटवरच्या कार्यक्रमांचा राग टीव्हीवर काढू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'इंडियाज गॉट लेटंट'वरून जे वादळ झालं तो यूट्यूबचा कार्यक्रम होता. त्याला केबलचे नियम लागू नाहीत, आणि केबल नियमांखालची तक्रार तिथे चालत नाही.

तक्रार करायची ठरवलीत तर 'संस्कृती बुडाली' असं लिहू नका, त्यावर छापील उत्तर येतं. वाहिनी, कार्यक्रम, तारीख, प्रक्षेपणाची वेळ, कितव्या मिनिटाला काय, वाक्य शब्दशः, आणि नियम ६ मधलं कोणतं कलम, एवढं एका पानात लिहा. बघताना मूल सोबत होतं का, तो प्रोमो होता की पुनःप्रक्षेपण, हेही लिहा. ते पत्र वाहिनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जातं. जून २०२१ च्या दुरुस्तीनुसार वाहिनीने २४ तासांत पोच द्यायची आणि १५ दिवसांत निकाल. पटला नाही तर १५ दिवसांत स्वनियमन संस्थेकडे अपील. मनोरंजन वाहिन्यांसाठी ती २०११ मध्ये सुरू झालेली ब्रॉडकास्टिंग कंटेंट कंप्लेंट्स कौन्सिल. तिला ६० दिवस. त्यावरही पुढच्या १५ दिवसांत केंद्र सरकारकडे जाता येतं. वाहिन्यांना प्रक्षेपणाचं रेकॉर्डिंग ९० दिवस ठेवावं लागतं, तेव्हा मोबाइलवर चित्रण नसेल तरी अडत नाही, पण पत्र त्याच आठवड्यात पाठवा.

आणि रस्त्यावरच्या खड्ड्याचं, टेंडरचं, रुग्णालयातल्या औषधांचं, परीक्षेतल्या पेपरफुटीचं स्किट कधी नीट जमलेलं दिसलं, तर त्याच पत्त्यावर तेही लिहा, तारीख-वेळेसह. एस अँड पीच्या टेबलावर त्या स्किटविरुद्ध दोन-चार पत्रं आलेली असतात. पुढच्या बैठकीत लेखक तसंच दुसरं स्किट मागायला जातो तेव्हा त्याच्या हातात दाखवायला तुमचं पत्र असलं, तर सात पानांऐवजी दहा पानं शाबूत राहतात.